बीरगावच्या गच्चीवरची सहा पॅनल आणि मामींची काच

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला आणि त्याने नेहमीसारखी तब्येतीची चौकशीही केली नाही. "वंदे, तू सायन्सची मॅडम हाय ना? मंग येऊन पाह्य एकदा. माह्या गच्चीवरची वीज कमी होऊन राहिली, अन् काहून ते कोणालेच समजून नाई राहिलं."

मामा रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावात राहतो. रेल्वेत फिटर होता, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. मागच्या पावसाळ्यानंतर सरकारी योजनेतून त्याने गच्चीवर सौर पॅनल बसवली, सहा. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी गच्ची आणि मग चहा, असा क्रम होता. मी नागपूरला सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. अकरा वर्षं सौरऊर्जेचा धडा शिकवला, पण खऱ्या पॅनलला एकदाही हात लावला नव्हता. हे मामाला सांगायची लाज वाटली. लागून तीन सुट्ट्या येत होत्या. माझी दहा वर्षांची लेक तनू ऐकतच होती. "आई, जाऊया ना!" म्हणत तिने स्वतःची बॅग भरायलाही घेतली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघालो. नागपूर ते रायपूर पाचेक तास लागतात. स्लीपरने मजेत जाता येतं, फक्त सुट्टीच्या दिवसांत तिकीट आधी काढून ठेवा. आणि माझं ऐकाल तर जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या, सकाळचं ऊन त्याच बाजूने येतं. आम्हाला ते हवंच होतं. शाळेच्या प्रयोगपेटीतली एक छोटी सौरपट्टी मी बरोबर घेतली होती, तळहाताएवढी, दोन तारांनी प्लास्टिकच्या पंख्याला जोडलेली. तनूने ती खिडकीच्या गजांपाशी धरली आणि पंखा भर्रर्र फिरायला लागला.

समोर दुर्गला उतरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची टोपली. त्या वाकून वाकून बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "एमा सेल नइ हे का, दीदी?"

"नहीं, सिर्फ धूप से चलता है," तनू ऐटीत म्हणाली.

त्यांनी पट्टी उलटी केली, पालथी केली, तारा ओढून पाहिल्या. सेल लपवल्याची त्यांची खात्रीच होती.

गोंदिया मागे पडलं. गरम समोसे खाऊन झाले. सालेकसाच्या पुढे दोन्ही बाजूंनी जंगल दाट होतं, टेकड्या जवळ येतात. तिथे झाडांच्या सावल्या पट्टीवरून पळायला लागल्या आणि पंखा अडखळू लागला. फिरे, थांबे, फिरे. आणि मग बोगदा आला. डबा काळाकुट्ट झाला आणि पंख्याचा आवाज एकदम बंद! बोगदा संपला, उजेड आत शिरला, पंखा पुन्हा भर्रर्र. त्या बाईंनी जोरात टाळी वाजवली. वरच्या बर्थवरचे एक आजोबाही उठून बसले. पुढचा अर्धा तास आमच्या कप्प्यात दुसरा विषय नव्हता.

तनूला मात्र वेगळीच शंका आली. "आई, ऊन तर खिडकीच्या काचेवरही पडतं. मग काच का नाही वीज बनवत?"

मी म्हटलं, "काच उजेडाला नुसतं जाऊ देते, अडवत नाही. ही पट्टी सिलिकॉनची आहे. सिलिकॉन वाळूपासूनच काढतात, खूप खूप शुद्ध करून. त्याच्या आत बारीक कण असतात, इलेक्ट्रॉन. एरवी ते आपापल्या जागेवर गुपचूप बसलेले असतात. उजेड आत घुसून त्यांना धक्का देतो, की ते जागेवरून उठतात."

"आणि मग?"

"मग काय ते मामाच्या गच्चीवर सांगते." खरं तर पुढचं कसं सोपं करून सांगावं हे मला त्या क्षणी सुचलं नव्हतं.

डोंगरगडचा डोंगर आणि त्यावरचं मंदिर गाडीतूनच पाहिलं. दुपारी रायपूर. स्टेशनबाहेरून बीरगावला ऑटो मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. भनपुरीपासून रस्त्यावर ट्रकच ट्रक. सळ्या, पत्रे, कोळसा. बीरगावच्या शेजारीच उरल्याचे पोलाद कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. रुमाल जवळ ठेवा. मी नाकाला लावलेला पांढरा रुमाल मामाच्या दारात उतरेपर्यंत करडा झाला होता. तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नाही.

"जय भीम, जय भीम! या!" मामा फाटकातच उभा होता. मामी आत टमाटरची चटणी वाटत होत्या. तांदळाच्या पिठाचे गरम चीले तव्यावरून थेट ताटात आले. छत्तीसगडला येऊन चीला-चटणी न खाता जाऊ नका, एवढं एकच सांगते.

जेवण होताच आम्ही गच्चीवर. लोखंडी चौकटीवर निळीकाळी सहा पॅनल दक्षिणेकडे तोंड करून तिरकी बसवलेली. त्यांच्याभोवती मामाने नायलॉनची दोरी बांधली होती.

"दोरी काहून बांधली, मामा?"

"कोणी हात लावू नये म्हणून. करंट हाय त्याच्यात. तुह्या मामीलेबी इकडं येऊ देत नाई मी."

मामी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घातलेल्या बड्या उलटवत होत्या. कोहळा आणि उडदाच्या डाळीच्या, आपल्या सांडग्यांसारख्या, इथे घरोघरी करतात.

मामाने मोबाईल काढला. रोज सकाळी बरोब्बर दहा वाजता तो इन्व्हर्टरवरच्या, किती वीज बनते ते दाखवणाऱ्या आकड्याचा फोटो काढतो. नोव्हेंबरपासूनचे फोटो त्याने एकामागून एक दाखवले. आकडा हळूहळू उतरत गेला होता. एकदम पडला असता तर बिघाड म्हणता आलं असतं. हा तर कोणाच्या लक्षात येऊ नये असा उतरत होता.

"कंपनीवाल्याले तीनदा फोन केला. तो म्हणते, सब ठीक है, धूप कम होगी. अन् रविवारी विहारात मीटिंग हाय."

मीटिंगची गोष्ट मला मामींनी नंतर सांगितली. वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. विहाराच्या छतावर सौर पॅनल बसवायची हा मामाचाच प्रस्ताव. त्यासाठी तो चार महिने घरोघर फिरला होता. आणि आता त्याची स्वतःची पॅनल मागे पडत होती. "रात्री झोपत नाई ते. म्हणते, मी उभा राहीन अन् सांगीन, माह्यं चुकलं, नका लावू."

संध्याकाळी वासनिककाका चहाला आले. मामाचे जुने मित्र, पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले. त्यांनी बशीत चहा ओतला आणि हसून विचारलं, "काय म्हणते तुमचा सूर्य? दमला काय?" मामा हसला नाही. वासनिककाकांनाही ते जाणवलं असावं. चहा संपवून ते लवकर उठले.

शनिवारी सकाळपासून आम्ही मागे लागलो. मामाचा अंदाज होता की थंडीमुळे असं होत असेल, एप्रिल-मे मध्ये ऊन तापलं की आकडा चढेल.

"नाही मामा," मी म्हटलं. एवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं. "पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही. उलट ते फार तापलं तर वीज थोडी कमीच होते. लख्ख उजेड आणि गार हवा, हे त्याला सगळ्यात आवडतं. म्हणजे आत्ताचेच दिवस."

"म्हणजे आत्ता जास्त पाह्यजे?"

"आत्ता भरपूर पाहिजे."

मामाचा चेहरा आणखीनच पडला. मी सावली शोधली. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी पॅनलच्या पायापर्यंत येते, वर चढत नाही. शेजारचं मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड लांब. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा. दहा वाजता मामाने फोटो काढला. एक पूर्णांक दोन किलोवॅट. नोव्हेंबरात ह्याच वेळी दोनच्या जवळ असायचा. मला माहीत असलेलं सगळं सांगून संपलं होतं. खाली जाऊन मामाला काय सांगायचं, याचाच विचार करत मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात मामी बादली घेऊन वर आल्या. बड्यांवर कारखान्याची धूळ पडू नये म्हणून त्यांनी जुन्या शोकेसची मोठी काच चार विटांवर ठेवली होती, बाजूने वारा जाईल अशी. ती काच त्यांनी उचलली, उभी केली आणि धुवायला लागल्या. खाली वाहणारं पाणी शाईसारखं काळं होतं.

"मामी, रोज धुता?"

"रोज. नाई धुतली तं बड्या वाळत नाईत. दोन दिवस जास्त लागतात. ऊनच पोचत नाई ना आत."

मी तशीच उभी राहिले. तनूने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती धावत खाली जाऊन पंखा घेऊन आली.

"मामीआजी, थांब! अर्धीच धू!"

अर्धी काच धुतलेली, अर्धी तशीच. तनूने धुतलेल्या भागाखाली पट्टी धरली. पंखा भर्रर्र. हळूच सरकवून ती मळक्या भागाखाली नेली. पंख्याची पाती दिसायला लागली, इतका तो मंद झाला. पुन्हा स्वच्छ भागाखाली, पुन्हा भर्रर्र.

"मामा!" मी ओरडले. "मामा, वर ये!"

मामाने तो खेळ चार वेळा करून घेतला. मग दोरीखालून वाकून पॅनलजवळ गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या काचेवर बोट फिरवलं. बोट काळं झालं, आणि निळ्या पॅनलवर चकचकीत रेघ उमटली. बाकी पॅनल किती मळलं होतं ते त्या रेघेमुळेच कळलं. धूळ सगळीकडे सारखी बसल्यामुळे लांबून तोच पॅनलचा रंग वाटत होता. पावसाने ते धुऊन निघतं असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. पण दिवाळीनंतर पाऊसच नव्हता. रात्रीचं दव आणि उरल्याची धूळ मिळून पापुद्रा धरला होता.

"एवढ्या दिवसाचं मले काहून नाई सांगितलं?" मामाने मामींना विचारलं.

"तुमी मले दोरीच्या आत येऊ देल्लं कधी?" मामी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मामा खाली बसला आणि त्याने दोरीची गाठ सोडायला घेतली. चार महिन्यांत ती गाठ घट्ट झाली होती, त्याला बराच वेळ लागला.

मामाला लगेच धुवायचं होतं. मी कंपनीवाल्याला फोन लावायला लावला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही लक्षात ठेवा. एक, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, काच तडकू शकते. दोन, पॅनलला बंद करायचं बटण नसतं. खालचा स्विच पाडला तरी उजेड पडतोय तोवर ते वीज तयार करतच राहतं. म्हणून उजाडताना, गार असताना, स्विच पाडून, तारांना हात न लावता, लांब दांड्याच्या मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने धुवायचं. पॅनलवर चढायचं नाही.

दिवस हातात होता, म्हणून दुपारी तनूला बुढा तलाव दाखवून आणला. रायपूरच्या मधोमध एवढं मोठं पाणी आहे, आणि त्याच्या काठावर गरम भजी मिळतात. पण दोघींचंही चित्त गच्चीवरच होतं.

रविवारी सहाला आम्ही सगळे वर. हवेत गारवा. मामाने स्विच पाडला. दांडा मात्र मामींच्या हातात होता. तो त्यांना द्या असं कोणी म्हटलं नव्हतं, मामानेच पुढे केला. पहिल्या पॅनलवरून काळा ओघळ गच्चीवर उतरला, मग दुसऱ्यावरून. तनू पाइप धरून "अजून तिकडे, अजून तिकडे" करत होती. सूर्य वर आला तेव्हा सहाच्या सहा पॅनलमध्ये आकाश दिसत होतं.

मामाने स्विच परत चालू केला. आता दहाची वाट. पावणेदहापासूनच आम्ही खालच्या खोलीत इन्व्हर्टरसमोर दाटीवाटीने उभे. नऊ पंचावन्नला आकडा एक पूर्णांक आठ! तनूने उडी मारली. आणि दहाला दोन मिनिटं असताना खोलीतला उजेड एकदम उतरला. मी दारात जाऊन पाहिलं. सगळं आभाळ मोकळं आणि एकच पांढरा ढग, नेमका सूर्यावर. आकडा घसरत गेला. एक पूर्णांक एक. शून्य पूर्णांक सात. दहा वाजले. मामाने मोबाईल खिशात ठेवला.

"झालं," तो म्हणाला. "कालच्यापेक्षाबी कमी."

"आजोबा, ढग आहे तो!" तनू जवळजवळ ओरडली. "ढगातून थोडाच उजेड येतो, म्हणून थोडीच वीज. बोगद्यात तर पूर्णच बंद झालं होतं. जाऊ द्या ना त्याला!"

ढग सावकाश सरकला. आकडा परत चढायला लागला. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक सात. एक पूर्णांक नऊ. मामाने फोटो काढला. खात्रीसाठी आणखी एक काढला. मग चष्मा काढून पुसत बसला.

विहारातली मीटिंग अकराला होती. तीसेक माणसं, पुढे सतरंजीवर पोरंसोरं. मामा उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "माह्याकडची वीज चार महिने कमी होत होती, ते मी तुमच्यापासून लपवलं. चूक झाली. कारण मले मालूम नव्हतं. ते मालूम होतं हिले." आणि मामींना म्हणाला, "सांग तू."

मामी बसल्या जागेवरूनच बड्यांचं सांगू लागल्या. कोणी हसलं नाही. समोरच्या प्रत्येक बाईच्या घरचे वाळत घातलेले कपडे तसेच काळे होत होते.

मग पोरांनी पंखा मागितला. आणि मला गाडीत जे सुचलं नव्हतं, ते तिथे सुचलं. आठ मुलांना मी सतरंजीवर बसवलं. "तुम इलेक्ट्रॉन हो. अपनी जगह बैठे हो." तनू सूर्यप्रकाश. ती ज्याच्या खांद्याला हात लावेल त्याने उठायचं. "उठलास ना? आता ह्या दाराने बाहेर जायचं, मागे वळायचं नाही. पॅनलमध्ये दोन थर असतात, ते एकाच बाजूला जाऊ देतात. बाहेरून विहाराला चक्कर मारायची, वाटेत वासनिककाका पंखा आहेत, त्यांना ढकलून पुढे जायचं, आणि त्या दुसऱ्या दाराने येऊन आपल्या जागेवर बसायचं."

तनू हात लावत सुटली, पोरं पळत सुटली. वासनिककाका हात पसरून बाहेर उभे, आणि येणारं प्रत्येक पोर त्यांना ढकलून थोडं फिरवत होतं. ते हसता हसता गरगर फिरले. मी तनूला मागून धरलं, सगळे थांबले, काकाही थांबले.

"कोणी संपलं का?" मी विचारलं.

"नहीं! सब वापस आ गए!"

"इलेक्ट्रॉन संपत नाहीत. ते नुसते फिरतात. ताकद उजेडाची."

"मैडम, फिर रात को?" दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं. "हमारी क्लास तो शाम को है."

सगळ्यात चांगला प्रश्न तो होता. मी सांगितलं, दिवसा विहारात कोणी नसतं, तेव्हा बनलेली वीज तारेवरून बाहेर जाते, शेजारचा कुणाचा तरी पंखा चालवते. संध्याकाळी त्याच तारेवरून आपण परत घेतो. किती दिली आणि किती घेतली हे दोन्ही मीटर लक्षात ठेवतं.

"मतलब दिन में हम साहू आंटी को देंगे, रात में वापस लेंगे?"

"हव," विहाराशेजारीच राहणाऱ्या साहू आंटी मागून बोलल्या, आणि सगळे हसले.

वासनिककाका धापा टाकत आत आले. "हे समदं ठीक. पण धुईन कोण? उत्साह महिनाभर राह्यते."

"मी धुतो," मामी म्हणाल्या. "अन् एकटी नाई. बायांची पाळी लावू. पण छतावर नळ पाह्यजे. बादल्या घेऊन मी शिडी चढत नाई."

बराच वेळ त्या नळावरच चर्चा झाली. शेवटी ठरलं, आधी नळ, मग पॅनल. वासनिककाकांनी स्वतः हात वर केला.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो. तनू दुर्ग यायच्या आत झोपली. घरी आल्यावर रुमाल तीनदा धुतला, करडेपणा काही गेला नाही. मी तो तसाच ठेवलाय.

जाण्यासारखं काय आहे तिथे, असं एका मैत्रिणीने विचारलं. बीरगाव काही सहलीचं ठिकाण नाही, धुळीचं, ट्रकांचं गाव आहे. पण अकरा वर्षं जे मी फळ्यावर लिहीत होते ते तिथे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि ते उलगडून दाखवलं ते सहावीच्या पुढे शाळा न पाहिलेल्या बाईने. हे पचायला मला थोडे दिवस लागले. आता वर्गात उत्तर सांगण्याआधी मी जरा जास्त वेळ थांबते.

काल फोन वाजला. स्क्रीनवर मामींचं नाव पाहून मी दचकलेच. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी नेहमी मामाच्याच फोनवरून, शेवटची दोन मिनिटं बोलत आल्यात.

"वंदे, नळ लागला," त्या म्हणाल्या. "अन् समता कॉलनीतून एक मॅडम आल्ती, तिच्याकडंबी पॅनल हाय, मले पाहाले बोलावलं. आता एक सांग. इथल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहून राहिले काचीवर. ते कायनं काढावं?"

मी विचार केला. "मामी, मला नाही माहीत."

त्या मनापासून हसल्या. "राहू दे मंग. मी करून पाह्यतो, अन् सांगतो तुले."